वारसांनी वाटून घ्यावे, ते असे

सदाशिव पेठेतला वाडा किंवा कोथरूडची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली, की जागा रिकामी करायला बिल्डर मुदत देतो. वडीलधारी माणसं गेलेली असतात, त्यांनी जपलेलं सगळं मात्र जागच्या जागी असतं. मुदतीचे पहिले आठवडे व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ठरवण्यात घालवावेत. न्यू जर्सीच्या दादांना त्यात जरूर घ्यावं. 'आईची एकही वस्तू टाकायची नाही', हा हुकूम तिथूनच सुटतो.

मग पोटमाळ्यावर चढावं. श्रीखंडाचे रिकामे डबे, त्यांत त्यांची झाकणं सोडून सगळं. पिशव्यांनी भरलेली पिशवी. आहेरात आलेले आणि पुढच्या आहेरासाठी ठेवलेले लेमन सेट. सुतळीने बांधलेले दिवाळी अंक. कधीच भंगारात गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड. तांब्याचा बंब दिसताच सगळ्यांचं मातृप्रेम उफाळून येतं. उचलून पाहिला की ओसरतं. शेवटी तो वाकडच्या बाल्कनीत मनीप्लँटसाठी जातो. आईचं शिलाई मशीन मात्र कुणाच्याच इंटिरिअरला शोभत नाही.

अशा वेळी 'केळकर म्युझियमला देऊ' असं कुणीतरी म्हणतंच. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेला हजारो वस्तूंचा संग्रह १९७५ साली राज्य सरकारला दिला, म्हणून आत्याबाईंची गंजकी किसणीही सरकारला हवी आहे, असं नव्हे.

कापसाच्या जुन्या गाद्यांसाठी आपल्याकडे पारंपरिक सोय आहे: अंधार पडल्यावरचा मुठेचा काठ. दिवसा नदीसुधारणेवर तावातावाने बोलायला आपण मोकळे! नको असलेलं सामान नेणारी कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था याच शहरात आहे. पण तिला आधी कळवायला लागतं, हा केवढा ताप.

शेवटी भंगारवाल्याला बोलवावं. गोदरेजचं कपाट पाठीवर घेऊन तीन मजले उतरणाऱ्या त्या माणसाशी, बिल्डरकडून महिन्याचं भाडं घेणारे सगळे वारस किलोमागच्या दोन रुपयांवरून हुज्जत घालतात. बंबावरून अबोला धरलेल्या भावाबहिणींचं एवढ्या एका मुद्द्यावर एकमत होतं.

दादांना पुढच्या खेपेला दिवाणखान्यासाठी 'अँटिक' अडकित्ता हवा असेल, तर जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे किलोचा भाव चालत नाही.