उशी पृथ्वीवर कशी आपटावी

सर्वप्रथम उशी निवडावी. फोमची नको. आजोळची, सावरीच्या कापसाची, मधोमध आजीच्या डोक्याचा खळगा पडलेली अशी एखादी घ्यावी. वजन बरोबर एक किलो असावं, म्हणजे पुढचे हिशेब सोपे जातात. वजन रद्दीवाल्याच्या तराजूवर करू नये. तिथे तीच उशी सातशे ग्रॅम भरते. अभ्रा काढून ठेवावा. भरतकामाचा असेल तर नक्कीच.

नवशिक्यांनी सुरुवात गच्चीवरून करावी. निराशा होते. हवा उशीला खालून धरून ठेवते आणि तिचा वेग ताशी तीसेक किलोमीटरपुढे जाऊ देत नाही. त्याहून जोरात रिक्षा पळते. खाली ‘थप्प’ आवाज येतो, थोडी धूळ उडते आणि तळमजल्यावरचे काका वर बघतात. पृथ्वीला काही कळत नाही.

मग उपग्रहाची उंची गाठावी. पृथ्वीच्या जवळून घिरट्या घालणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगात आपल्या उशीत सुमारे सात किलो टीएनटीची ऊर्जा भरते. पण वातावरणात शिरली की ती उंचावरच जळून जाते. खाली गच्चीवर पडलेला कुणीतरी ‘तारा तुटला’ म्हणतो आणि कुशीवर वळतो.

इथे हमखास शंका येते, की इतकी मऊ वस्तू, ती कसलं नुकसान करणार? तर मऊपणाला सवड लागते. आपण डोकं टेकतो तेव्हा कापसाच्या तंतूंना बाजूला सरकायला वेळ मिळतो, म्हणून उशी मऊ. विहिरीत पोटावर पडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी तेच, पण सरकायला सवड मिळाली नाही की त्याची फरशी होते आणि पोट संध्याकाळपर्यंत लाल राहतं. थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर, 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया यान उडताना त्याच्या इंधनटाकीवरचा पाऊण किलोचा फोम सुटून डाव्या पंखावर बसला, ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने. 1 फेब्रुवारीला यान परतताना कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. फोमच होता तो.

आता खरा प्रयोग. उशीला प्रकाशाच्या 90 टक्के वेग द्यावा, म्हणजे सेकंदाला सुमारे 2 लाख 70 हजार किलोमीटर. त्यासाठी अंदाजे 3200 कोटी युनिट वीज लागेल. दहा रुपये युनिट धरलं तरी बिल 32 हजार कोटी, स्थिर आकार वेगळा.

या वेगाने निघालेल्या उशीला वातावरणाचे शेवटचे शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाचा जेमतेम 2700 वा हिस्सा. हवेला ‘जरा सरकून घ्या’ म्हणण्याइतकीही सवड नाही. त्यामुळे कापसातल्या कार्बन-ऑक्सिजनची अणुकेंद्रं हवेतल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रांवर थेट आदळतात, फुटतात, आणि तुकडे पुढच्यांना जाऊन भिडतात. विश्वकिरण रोज आपल्या डोक्यावर हेच करत असतात, पण सुटे सुटे. इथे किलोभर एकदम. एकूण हिशेब 28 मेगाटन टीएनटीच्या घरात जातो, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या अठराशे पटींहून जास्त. आणि हे सगळं आजीच्या उशीतून.

विवराची आशा मात्र धरू नये. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला काळ्या बेसॉल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, कारण तिथे अवकाशातून आलेला पाहुणा जमिनीपर्यंत टिकला. उशी वरच्या वरच फुटणार. तिचं गोत्र तुंगुस्काचं. 30 जून 1908 ला तिथे, सायबेरियात, हवेतच झालेल्या स्फोटाने 2 हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं, आणि लोणारसारखा खड्डा काही कुणाला सापडला नाही.

प्रयोगाच्या वेळी कुठे उभं राहावं? दुसऱ्या ग्रहावर. आजीलाही सोबत न्यावं, आणि निघण्याआधी पिंजाऱ्याला गाठून दुसरी उशी भरून घ्यावी. तो हल्ली दारावरून जात नाही, शोधावा लागतो. मग काढून ठेवलेला अभ्रा तिच्यावर चढवावा आणि काही बोलू नये. आजी डोकं टेकेल, दोनदा कूस बदलेल आणि विचारेल, “ही माझी नाही. माझी कुठंय?”