खिडकीतून येणाऱ्या एडवर्ड कलनला

एडवर्ड,

तू 'ट्वायलाइट' कादंबऱ्यांचा व्हॅम्पायर नायक. तुझा जन्म १९०१ चा, शिकागोतला. वयाने तू माझ्या पणजोबांच्या बरोबरीचा, आणि आमच्याकडे एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला अहोजाहो करतात. मी करणार नाही. मान वागण्याने मिळतो, आणि तुझं वागणं मी चार जाडजूड पुस्तकांत ओळीन्‌ओळ वाचलंय. २०२० मध्ये 'मिडनाइट सन' आलं, तीच गोष्ट तुझ्या तोंडून, तेही वाचलं. तेव्हा 'माझी बाजू तुला माहीत नाही' असं मला सांगू नकोस.

२००९ साली पुण्यात हॉस्टेलवर आम्ही सहा मुलींनी वर्गणी काढून 'ट्वायलाइट'ची एक प्रत घेतली होती, आप्पा बळवंत चौकातून. काळं मुखपृष्ठ, त्यावर दोन गोऱ्या हातांत धरलेलं लाल सफरचंद. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा ती प्रत कुणाच्या ना कुणाच्या उशाखाली असायची. मी जवळजवळ रोज रात्री तुझ्या खोलीत येतो, तू झोपलेली असताना तुला बघत बसतो, असं तू तुझ्या नायिकेला, बेलाला, कबूल करतोस ना, तो भाग आमच्यात मोठ्याने वाचला जायचा. एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच दिवसांत हॉस्टेलच्या फाटकासमोर एक मुलगा रोज संध्याकाळी येऊन उभा राहायचा, आमच्या खिडक्यांकडे बघत. त्याच्याविरुद्ध आम्ही रेक्टरबाईंकडे लेखी तक्रार केली, आणि त्याच रात्री तुझं पान काढून उसासे टाकले. या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली. त्या वर्षांचा हिशेब मी आज तुझ्याकडे मागते आहे.

शंभरी उलटली तुझी. पियानो शिकलास, पुन्हा पुन्हा शाळेत बसलास, आणि दार वाजवायला शिकला नाहीस. तुला सगळ्या गावाची मनं वाचता येतात, एका बेलाचंच येत नाही. ज्याचं मन कळत नाही त्याला तोंडाने विचारायचं असतं, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तू विचारलं नाहीस. खिडकी कुरकुरली, तर पुढच्या खेपेला तेल आणायचं ठरवलंस.

तुझ्या चार वर्षं आधी, २००१ मध्ये, शार्लेन हॅरिसच्या पुस्तकात सूकी स्टॅकहाउस आली. लुइझियानातल्या एका बारमध्ये ताटं-ग्लास नेऊन देणारी मुलगी. तिलाही माणसांची मनं ऐकू येतात, आणि त्या गोंगाटाने ती पार पिचून गेलेली असते. व्हॅम्पायरचं मन तिला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या शेजारी बसल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा शांत वाटतं. तिच्या वाट्याला न कळणारं मन आलं, ते तिला विसाव्यासारखं वाटलं. तुझ्या वाट्याला आलं, तर तू पाळत सुरू केलीस.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते 'एक्लिप्स'मधल्या त्या ट्रकसाठी. बेलाचा जुना लाल ट्रक, बापाने घेऊन दिलेला, तिची फोर्क्स गावातली एकुलती एक स्वतःची वस्तू. ला पुशला मित्राकडे, जेकबकडे जायला ती निघते. किल्ली फिरवते, इंजिन हूं की चूं करत नाही. आणि तू शेजारच्या सीटवर बसलेला, हातात त्याच इंजिनाचा काढून घेतलेला भाग फिरवत. कारण काय, तर काळजी. पुढे तुला शिकारीला जायचं असतं, तेव्हा बहिणीला पिवळी पोर्श घेऊन देतोस, बेलाला घरात अडकवून ठेवण्याचा मोबदला म्हणून. बेला चिडते, आणि थोड्याच वेळात तिचा राग विरघळतो, कारण तुझं पुस्तक तिला जास्त वेळ रागावू देत नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे. वाईट वागणारे नायक मी खूप वाचले, त्यातले काही मला आवडतातही. पण तू केलेल्या प्रत्येक गोष्टीला 'प्रेम' असा शिक्का मारून मिळाला.

गेल्या वर्षी माझी सोळा वर्षांची भाची सुट्टीला आली होती. जेवताना दर दहा मिनिटांनी तिचा फोन वाजायचा आणि ती ताट सोडून उठायची. विचारलं, तर म्हणाली, वर्गातला एक मुलगा आहे, मी कुठे आहे ते त्याला सतत फोनवर दिसायला हवं असतं, नाही दिसलं तर तो जेवत नाही. वर म्हणाली, "किती काळजी करतो ना मावशी?" तिच्या पिशवीत तू होतास, काळ्या मुखपृष्ठात, सफरचंदासकट. त्या मुलाला तू बिघडवलंस असं मी म्हणत नाही, त्याने तुला वाचलंही नसेल. पण त्याच्या वागण्याला माझ्या भाचीने जे नाव दिलं, ते नाव तू दिलेलं आहेस.

आमच्या भाषेत याला फार जुना शब्द आहे. माझ्या आजीच्या गावी, कोकणात, पिंपळावरचा मुंज्या एखाद्या मुलीच्या मागे लागला, तिचं खाणंपिणं सुटलं, ती कुणात मिसळेनाशी झाली, की बायका म्हणत, हिला लागीर झालंय. मग त्या मुलीला सोडवायला घरदार धावायचं. त्या मुंज्याशी तिचं लग्न लावून द्यावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. भुताला माणसाची ओढ वाटू शकते हे आजीलाही मान्य होतं, त्याची तिला दयाही यायची. पण सोडवायचं कुणाला, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आता तुझ्याच राज्यात ये. वॉशिंग्टनच्या पश्चिम टोकाला तुझं फोर्क्स, आमच्या रत्नागिरीसारखा पाऊस झेलणारं. डोंगररांग ओलांडून पूर्वेला गेलं की ट्राय-सिटीज, वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पावसाचा कोरडा मुलूख. पॅट्रिशिया ब्रिग्जच्या 'मून कॉल्ड'मधली मर्सी थॉम्पसन तिथे राहते. २००६ चं पुस्तक, तुझ्यानंतर वर्षभरातच आलेलं. मर्सीला कायोटीचं, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या जनावराचं, रूप घेता येतं, पण पोट ती फोक्सवॅगन दुरुस्त करून भरते. गॅरेज तिचं स्वतःचं, एका म्हाताऱ्या, लोखंडाशी बोलणाऱ्या यक्षासारख्या कारागिराकडून घेतलेलं. नखांतलं ग्रीस निघत नाही. पुस्तक उघडतं तेच ती गाडीखाली पडलेली असताना. तिच्या गाडीतला भाग काढून बघ तू. चहा थंड व्हायच्या आत तिने दुसरा बसवला असता आणि ला पुशचा रस्ता धरला असता.

तिच्या शेजारी अॅडम राहतो, लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या. तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मर्सीला न विचारता त्याने टोळीपुढे तिला आपली जोडीदार जाहीर केलेलं असतं, तिच्या रक्षणासाठी म्हणे. तुझ्याच पंथातला. फरक असा, की हे कळल्यावर मर्सी भडकते आणि पुस्तक तिला मनसोक्त भडकू देतं. अॅडमला सगळं टापटीप लागतं, म्हणून तिने त्याच्या खिडकीतून दिसेल अशी एक मोडकी रॅबिट गाडी अंगणात ठेवली आहे. तो फार हुकूम सोडायला लागला की ती त्या गाडीचं एखादं चाक काढून ठेवते. स्वतःच्या गाडीचं, एडवर्ड.

आणखी एक. 'न्यू मून'मध्ये तू बेलाला जंगलात सोडून गेलास. जाताना तिचे फोटो आणि भेटवस्तू तिच्याच खोलीच्या फरशीखाली लपवून ठेवल्यास, म्हणजे आठवण ठेवायची की नाही हेही तूच ठरवलंस. तिचे पुढचे चार महिने पुस्तकात चार कोऱ्या पानांत आहेत, प्रत्येकावर नुसतं महिन्याचं नाव. ती पानं बघून मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडले होते, आणि आजही म्हणेन की लेखिकेने ती जागा फार ताकदीने घेतली आहे. पण मर्सीवर तिसऱ्या पुस्तकात बलात्कार होतो, तेव्हा चौथ्या पुस्तकात पानं कोरी राहत नाहीत. दुकानाच्या दारापाशी तिचा श्वास अडकतो, ती घामाघूम होते, आणि हातातलं काम पुरं करते. तिचं दुःख कुणी परत येण्याची वाट बघत थांबलेलं नाही.

ही पुस्तकं वाचते म्हटलं की लोक हसतात. लांडगे आणि चुंबनं, असं म्हणतात. त्यांना मी मर्सीचं नाव सांगते, सूकीचं सांगते, एमा बुलच्या १९८७ च्या पुस्तकातल्या, मिनियापोलिसच्या गल्ल्यांत पऱ्यांच्या युद्धात ओढल्या गेलेल्या गायिकेचं सांगते. त्यांना आठवतोस तो तूच. तुझ्यावरून लिहिलेल्या फॅन फिक्शनमधूनच २०११ मध्ये 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' निघालं. त्यात दात गेले, पाळत तेवढी राहिली. एका चांगल्या घराचं नाव तू घालवलंस.

भाचीच्या हातून तुला मी काढून घेतलं नाही. काढून घेणं हे तुझं काम. तुझ्या शेजारी 'मून कॉल्ड' ठेवलं, एवढंच. परवा रात्री तिचा फोन आला, मोडक्या रॅबिटच्या पानापर्यंत पोचली होती आणि हसू आवरत नव्हतं. म्हणाली, "मावशी, मग तो अॅडम चिडत नाही?"

मी म्हटलं, चिडतो की. पण गाडीला हात लावत नाही.