दांडी-ब्रेकचे माहात्म्य

नागपूर-अमरावती हमरस्त्यावर वसलेल्या तिवश्यात, वडिलोपार्जित काळ्या सायकलीच्या दांडी-ब्रेकाचे गुणगान करणारे गृहस्थ अद्यापि भेटतात, आणि त्यांच्या मते गतिनिरोधाची याहून सरस तजवीज मनुष्यमात्राने केलेली नाही. मुठीखालची दांडी दाबावी, तिने उभ्या दांडीस, उभीने आडवीस हुकूम पोचवावा, आणि अखेरीस नालाकृती चाप उचलला जाऊन त्याचे दोन रबरी ठोकळे रिमच्या आतल्या अंगास टेकावेत; कचेरीतला अर्ज टेबलामागून टेबल सरकतो, अगदी त्याच रीतीने. मंजुरी येते, निश्चित येते. मात्र तोवर सायकल पुढच्या पानटपरीपाशी पोचलेली असते.

तारच नसल्याने ती तुटण्याचे भय नाही, हे निर्विवाद. परंतु पावसाळ्यात क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम भिजली की रबराची पकड जवळजवळ लोप पावते, आणि चाकाचा आऊट काढलेला नसेल तर ब्रेक न दाबताच लागतो व दाबल्यावर केवळ किंचाळतो. घंटीचा खर्च वाचला, असे यावर रसिकांचे उत्तर. प्रत्यक्षात सायकल थांबवते ती चप्पल. श्रेय मात्र राजरोस ब्रेकाच्या खाती जमा होते.

इटलीच्या कांपान्योलो कारखान्याचा 1980 च्या दशकातील डेल्टा ब्रेकही संग्राहक असाच जिवापाड जपतात. रूप अप्रतिम, थांबवण्याची कीर्ती बेताची. तो बहुधा कपाटात शोभतो. आमचे गृहस्थ मात्र मागे ज्वारीचे पोते लादून मोझरीच्या वाटेला लागतात, आणि ब्रेकावरील अढळ निष्ठेने दुरूनच ओरडतात, “सरका जी भाऊ, बाजूले!”