अधारतालला समुद्र हवाच कशाला?

सुट्टी लागली की जबलपूरच्या मराठी घरांत एक जुनं गाऱ्हाणं निघतं: आपल्याकडे सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. मग हजारेक किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून मुंबईच्या नातलगांकडे पथारी टाकायची आणि किनाऱ्यावरच्या पाळण्यात मुलं बसली की वाळूत उभं राहून त्यांचे फोटो काढायचे. या गाऱ्हाण्यात दम नाही. किनाऱ्यावरच्या करमणूक उद्यानाची सगळ्यांत मोठी अडचण समुद्रच असतो. खारी हवा पाळण्याचे नटबोल्ट खाते, भरती मालकाला विचारून येत नाही आणि त्यात भर म्हणजे समुद्र फुकट असतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1884 साली लामार्कस थॉम्प्सन यांनी पाच सेंट घेऊन उतारावरून घरंगळणारी गाडी सुरू केली. शेजारी अख्खा अटलांटिक बिनतिकीट पसरलेला असताना लोक गाडीपुढे रांग लावू लागले. आपल्या मुंबईतल्या गोराईनं तर पुढची पायरी गाठली. तिथं 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड हे करमणूक उद्यान आलं, 1998 मध्ये वॉटर किंगडम. आणि बोरिवलीकडून खाडी ओलांडून आलेली कुटुंबं खऱ्या समुद्राच्या इतक्या जवळ पैसे मोजून यंत्रानं उठवलेल्या लाटांत उभी राहिली. लाटा वेळेवर, खोली बेताची, शिट्टी वाजवायला माणूस. समुद्राचं काम तेवढं उरलं नाही.

आता जी वस्तू नाही तिच्या नावावर शहर चालवण्याचा अनुभव जबलपूरइतका कुणाला आहे? बावन्न तालांचं, म्हणजे तलावांचं, शहर अशी आपली ख्याती. पण आता भंवरतालमध्ये बाग आहे, मढातालमध्ये बाजार, हाथीतालमध्ये कॉलनी आणि राणीतालमध्ये स्टेडियम. लोककथा सांगते की राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल तिचे मंत्री अधारसिंह यांचा. राणी 1564 मध्ये लढता लढता गेली. तिच्या तालाचा ताबा मात्र आपण विनायुद्ध घेतला. ज्या शहराला पाण्याविना ताल जमला, त्याला समुद्राविना चौपाटी का जमू नये? तेव्हा आमची योजना अशी: अधारताल बुजवायचा आणि तिथं चौपाटी उभारायची. भेळ, घोडा, चकरी, कणीस आणि प्रवेशद्वारावर सिमेंटचा डॉल्फिन. कुटुंबाला आणखी काय लागतं?

कुणी म्हणेल, माणसांना राहायला जागा नको का? हवी, आणि शहर वाढणार हेही खरं. पण पावसाच्या पाण्यालाही राहायला जागा लागते आणि त्याची स्मरणशक्ती महसूल खात्यापेक्षा चांगली असते. बुजवलेल्या तळ्याच्या सखल जागेत ते पावसाळ्यात न चुकता येतं, थेट तळमजल्यावर. आपल्या योजनेपुरतं बोलायचं तर लाटांच्या यंत्राचा खर्च वाचला. दुसरे म्हणतील, तलाव म्हणजे डास आणि जलपर्णी. तेही खरं, पण गटार तलावात सोडायचं आणि मग तलाव घाण आहे म्हणून बुजवायचा, हे ताप आलेल्या माणसाला अंथरुणासकट उचलून बाहेर ठेवण्यासारखं आहे. तिसरा आक्षेप नर्मदेचा: भेडाघाट असताना उद्यान कशाला? पंचवटी घाटावरचे नावाडी संगमरवरी कड्यांमधून नाव नेताना यमकं जुळवून हसवतात, हे कबूल. तरीही तिथला धुआंधार धबधबा बटण दाबून थांबवता येत नाही, म्हणून तो आमच्या योजनेत बसत नाही. मुलांना पाळणेच हवे असतात, हा चौथा आक्षेप मात्र मी मान्य करतो. पाळण्याला फक्त चार खांब लागतात. तो तलावाच्या काठावर उभा राहतो. तलावाच्या पोटात उभा केलाच पाहिजे असा नियम माझ्या तरी पाहण्यात नाही.

योजना अशी सर्व बाजूंनी परिपूर्ण आहे. एकच हरकत उरते: अधारतालात अजून पाणी आहे. तिचा निकाल लागेपर्यंत मुलाबाळांना घेऊन काठावर एक फेरी मारून या.