रेघांचा हिशोब

आमच्या लहानपणी पोट साफ करायला वैद्य लागत नसे, आई पुरायची. सुट्टीतला एखादा रविवार, सुंठीचा कढत काढा, त्यावर तरंगणारं एरंडेल आणि आपलं नाक दाबून धरणारा वडिलांचा हात. दुपारपर्यंत प्रकरण मिटायचं, संध्याकाळी मऊ भात.

म्हणून पन्नाशीत पित्ताने छळल्यावर वैद्यबाई म्हणाल्या, "शरद ऋतू आहे, विरेचन करून घ्या," तेव्हा मी सहज विचारलं, "रविवारी उरकेल ना?" त्यांनी कॅलेंडरचं पानच उलटलं. पावसाळ्यात साठलेलं पित्त ऑक्टोबरच्या उन्हात उसळतं, त्याला वाट करून द्यायची तर आधी तयारी हवी, म्हणाल्या. पंचकर्मांतली बाकीची चार म्हणजे वमन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. शेवटच्यात जळवाही लावतात हे कळल्यावर मला विरेचन एकदम आवडू लागलं.

तयारी म्हणजे तूप. सकाळी उपाशीपोटी, औषधी, कोमट. पहिल्या दिवशी 30 मिली, मग रोज चढतं. पुरणपोळीवर तुपाची धार धरताना "बस" म्हणायला विसरणारा मी, चौथ्या दिवशी वाटी पाहून देवघरात जाऊन बसलो. घाबरत वैद्यबाईंना फोन केला, "तुपाचा वाससुद्धा नको झालाय." त्या आनंदल्या! तुपाचा तिटकारा येणं हे स्नेहन पूर्ण झाल्याचं शास्त्रातलं एक लक्षणच आहे म्हणे.

मग तीन दिवस तेलाचं मालिश आणि वाफेची पेटी. पेटीतून फक्त डोकं बाहेर. त्या अवस्थेत नाकाला खाज सुटते, आणि माणसाला आपल्या हातांची किंमत कळते.

अखेर तो दिवस उजाडला. औषध घेतलं. "वेग मोजा," अशी सूचना होती. शास्त्रात दहा वेग म्हणजे कनिष्ठ शुद्धी, वीस मध्यम, तीस उत्तम. मोजदाद बायकोने अंगावर घेतली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, ती पेन्सिलने रेघ मारायची आणि दाराबाहेरून विचारायची, "अहो, हा धरू की मघाचाच चालू आहे?" संध्याकाळी एकवीस भरले. म्हणजे मध्यम. शाळेपासून सेकंड क्लासच आमचा.

पण खरी गोष्ट पुढे होती. पाच दिवस पथ्य: आधी पातळ पेज, मग दाट, मग मुगाचं कढण. पहिल्या दिवशीच्या पेजेत मिठाचे चार कण होते. पितळी वाटीतून वाफ येत होती, आणि तांदळाला स्वतःची गोडी असते हे मला इतक्या वर्षांनी समजलं. एवढी वर्षं मी भात जेवत होतो की वरणाला टेकू देत होतो, कोण जाणे.

एका दिवसाच्या कामासाठी आधी आठवडाभर मशागत आणि नंतर पाच दिवस सांभाळणं. आपल्याला मात्र मधलाच दिवस हवा असतो, तोही फोनवरचा व्हिडिओ बघून, घरच्या घरी.

तेव्हा नवशिक्यांना दोनच सांगणी. एक, हे जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालीच करा. दोन, रेघा वेगळ्या कागदावर मारा. महिनाअखेरीस आमच्या दूधवाल्याशी एकवीस लिटरवरून वाद झाला.