बी साइडचे मामा

चाकूरला उतरून नळेगावच्या किंवा वडवळ नागनाथच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसाकडे वेळ भरपूर असतो, आणि असा माणूस मामांना लांबूनच ओळखू येतो. हे मामा नेमके कुणाचे मामा, याची चौकशी कुणी केलेली नाही. असे मामा उदगीरला आहेत, अहमदपूरला आहेत, तुमच्याही गावात असतील. वय साठीच्या पुढेमागे, वरच्या खिशात दोन पेन, हातात मुलानं वापरून दिलेला मोबाइल, आणि जगातलं सगळं संगीत मोजायला एकच माप : साठ मिनिटांची कॅसेट. तीस मिनिटं ए साइड, तीस मिनिटं बी साइड.

हॉटेलात मुरमुऱ्यांच्या सुशीलाची प्लेट समोर आली की मामा सहज विचारल्यासारखं विचारतात, "साहेब, आजपावेतोची सगळ्यात भारी कॅसेट कोणती हो?" नवखा माणूस इथंच फसतो. आपलं मत विचारलं, असं त्याला वाटतं.

मामांच्या स्पर्धेला नियम आहेत. पहिला, कॅसेट दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. मध्येच फॉरवर्डचं बटण दाबावं लागलं की बाद. दुसरा, ती लग्नाच्या भोंग्यावर, उसाच्या ट्रॅक्टरवर आणि घरात म्हातारीसमोर, अशी तिन्हीकडे लावता आली पाहिजे. तिसरा नियम आधी सांगत नाहीत. समोरचा जिंकायला लागला की तो तयार होतो.

रिटायर झालेले एक गुरुजी नेहमी 'गीतरामायणा'चं नाव घेतात. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरुवात, मग वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं. मामा आधी हात जोडतात, मग म्हणतात, "गुरुजी, छप्पन गाणी साठ मिनिटांत बसवून दाखवा, आत्ता निकाल देतो." गुरुजी चहा अर्धा टाकून उठतात.

शेजारचा सलूनवाला 'आशिकी'चा. १९९० साल, नदीम-श्रवण, टी-सीरिजची स्वस्तातली कॅसेट, आणि कोटाखाली तोंड लपवलेल्या जोडीचं पोस्टर. कुमार सानूला लागोपाठ पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं त्याची सुरुवात इथूनच, हे तो वस्तरा थांबवून सांगतो. गिऱ्हाइकाचा जीव तेवढा वेळ टांगणीला. मामा शांत. "ज्याचं मोडलंय त्याला भारीच हाय. पण ज्याचं जमलंय त्यानं काय ऐकावं?"

एक कंडक्टर 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड पुढं करतो. १९७५ चा सिनेमा. पॉलिडोरनं गाण्यांच्या जोडीला संवादांची वेगळी रेकॉर्ड काढली आणि ती गावोगाव वाजली, हे खरंच आहे. पण मामा मान हलवतात : "गब्बर बोलतो, गात न्हाई. नुसतं बोलण्याला नंबर दिला तर उद्या पुढारी कॅसेटी काढतील. मग कोण ऐकणार, तुमी?" कंडक्टर बॅग सावरतो.

कॉलेजच्या पोरांनी 'सैराट' म्हणावं तर, "चारच गाणी? एका बाजूला दोन? उरलेल्या रिळाचं काय करूलालाव?" अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रण करून आले, असं पोरं सांगतात. "म्हंजे खर्च वाढला," मामा म्हणतात. याच मामांना पुतण्याच्या वरातीत 'झिंगाट'वर रुमाल फिरवताना अख्ख्या गल्लीनं पाहिलं आहे. पण पाय वेगळे आणि मत वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

फक्त 'जैत रे जैत' निघालं की मामांची अडचण होते. हृदयनाथांचं संगीत आणि ना. धों. महानोरांची गाणी, महानोर पळसखेडचे, म्हणजे मराठवाड्याचे. त्याला बाद करायला जीभ रेटत नाही. मग "ते घरचं हाय, घरचं स्पर्धेत धरायचं नसतं," म्हणून ते विषय बदलतात.

मामांचा स्वतःचा उमेदवार 'मैने प्यार किया', १९८९. कारण विचारलं की वंशावळ सुरू होते. दादा कोंडक्यांनी 'पांडू हवालदार'साठी सुरेंद्र आणि विजय पाटील यांची जोडी घेतली, नाव ठेवलं राम-लक्ष्मण. त्यातले राम लवकर गेले. लक्ष्मणानं, म्हणजे नागपूरच्या पाटलांनी, पुढं एकट्यानं काम केलं तरी जोडीदाराचं नाव सोडलं नाही. "सगळा देश म्हणतो हिंदी कॅसेट. वाजवलीय दादांच्या माणसानं!" यावर पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, त्यातली एक चाल स्टीव्ही वंडरच्या १९८४ च्या गाण्यावरून घेतलीय." मामा क्षणभरही अडले नाहीत : "त्यानं नागपूरहून नेली असंल."

भाच्यानं शेवटचा डाव टाकला. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर', १९८२, जगात सगळ्यात जास्त खपलेला. "खपायला युरिया बी खपतो," मामा म्हणाले. भाचा म्हणाला, तो १९९६ ला मुंबईत कार्यक्रम करून गेलाय. "मुंबईला कुणीबी येतं. लातूरला आला का?"

मग एके संध्याकाळी हॉटेलातल्या सगळ्यांनी कट केला. मामांनी प्रश्न विचारताच गुरुजी, सलूनवाला, कंडक्टर एका सुरात म्हणाले, "मैने प्यार किया!" मामांचा चेहरा पडला. कपातला चहा त्यांनी दोनदा ढवळला. मग म्हणाले, "तसं न्हाई. बी साइड जरा पडती तिची." आणि पुढचा दीड तास ते 'पिंजरा'च्या बाजूनं बोलले. राम कदमांचं संगीत, खेबुडकरांची गाणी, १९७२ साल. राम कदम असते तर गहिवरले असते. मामांना कुठलीच कॅसेट जिंकायला नको आहे. निकाल लागला तर उद्या हॉटेलात यायचं कशाला?

तेव्हा चाकूरला उतरलात आणि सुशीला खाता खाता कुणी हा प्रश्न विचारलाच, तर आधी गाडीची वेळ बघा. पाच मिनिटं असतील तर 'गीतरामायण' म्हणा, लवकर सुटाल. तासभर असेल तर 'आशिकी' म्हणायला हरकत नाही. पण मामांच्याच कॅसेटला हो म्हणू नका. शेवटची गाडी चुकेल.