दुभाजकावरील करंजाच्या रोपास खुले पत्र

प्रति,
करंजाचे रोप,
मुक्काम दुभाजक, जुना मुंबई-पुणे रस्ता

विषय : वाढ न झाल्याबाबत कारणे दाखवणे.

महोदय,

खड्डा, काठी, लोखंडी पिंजरा आणि देणगीदाराच्या नावाची पाटी असा सर्व सरंजाम पुरवूनही सदर रोप वीतभरच राहिले असून पाटीच त्याच्याहून उंच दिसते, ही बाब समस्त वाहनधारकांस खेदजनक वाटते.

रोपाचे कैवारी मातीकडे बोट दाखवतात. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झाली असली, तरी त्याआधी धुराबरोबर पडलेले शिसे कुजत नाही, तर सेंद्रिय द्रव्याला आणि चिकणमातीच्या कणांना धरून वरच्या काही सेंटिमीटरांतच ठाण मांडते, हे खरे. परंतु इतके जुने प्रकरण उकरून काढणे उगवत्या पिढीस शोभत नाही. झिजणाऱ्या टायरमधून जस्त आणि ब्रेकच्या अस्तरातून तांबे मातीत पडते, अशीही तक्रार आहे. वस्तुतः ही दोन्ही मूलद्रव्ये वनस्पतींना अत्यल्प का होईना लागतातच, तेव्हा ती भरपूर मिळाल्याबद्दल आभारच अपेक्षित होते.

नर्सरीच्या पिशवीत रोप गुणी असते, कारण आधी बियांतील अन्नसाठ्याची शिदोरी आणि नंतर पिशवीतील चांगली माती त्याला पोसते. मूळ पिशवीबाहेर पडताच कुरकुर सुरू होते. मुळाच्या टोकाशी पेशींचे विभाजन करून लांबी वाढवणारा भाग, म्हणजे विभाजी ऊती, जड धातूंमुळे मंदावते, मूळ आखूड, जाडसर आणि तपकिरी होते, पाणी शोषणारे केसासारखे मूलरोम विरळ होतात, आणि वर पाने पिवळी पडतात. त्यात तेलकट, दबून घट्ट झालेल्या मातीत पाणी मुरत नाही, हे रोपाचे आणखी एक निमित्त.

वरचा थर काढून नवी माती भरावी, धातूंना बांधून ठेवणारे कंपोस्ट घालावे, अशी सूचना येते. ती विचारात घेणे अवघड आहे. राज्यात 1 जुलै 2016 रोजी एका दिवसात 2 कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला, तेव्हापासून हिशेब कोटींत चालतो आणि मातीसाठी तक्त्यात रकानाच नाही.

सबब, सदर रोपाने सात दिवसांत खुलासा सादर करावा; अन्यथा पुढील पावसाळ्यात त्याच्या जागी दुसऱ्या रोपाची नेमणूक करण्यात येईल. खड्डा, त्यातील माती आणि पाटी मात्र सेवेत कायम राहतील.

रोपाचे हितचिंतक,
समस्त वाहनधारक